टोकियो ऑलिंपिकमध्ये पहिले तिन्ही सामने हरूनही भारतीय महिला हॉकी संघ उपांत्यपूर्व फेरीत कसा गेला?

गटाच्या रचनेमुळे. १२ संघ, सहा-सहाचे दोन गट आणि प्रत्येक गटातले चार संघ पुढे. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. नेदरलँड्स (१-५), जर्मनी (०-२) आणि ग्रेट ब्रिटन (१-४) यांच्याकडून हरल्यावरही चौथी जागा हाताशी होती.

३० जुलै २०२१ ला आयर्लंडविरुद्ध पेनल्टी कॉर्नरमागून पेनल्टी कॉर्नर (समोरच्या संघाच्या चुकीमुळे गोलजवळ मिळणारी संधी) वाया गेले. शेवटी ५७व्या मिनिटाला नवनीत कौरने मैदानी गोल (म्हणजे चालू खेळातला) केला, १-०. दुसऱ्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेला ४-३ हरवलं. त्यात वंदना कटारियाची हॅटट्रिक, ऑलिंपिकमध्ये भारतीय महिलेची पहिलीच.

भारताचे झाले ६ गुण, आयर्लंडचे ३. तरी धाकधूक होतीच, कारण गुण आणि विजय समान झाले की गोलफरक, म्हणजे केलेले वजा स्वीकारलेले गोल, बघतात. भारताचा होता उणे ७, आयर्लंडचा उणे ५. म्हणजे आयर्लंड शेवटचा सामना जिंकलं असतं तर भारत बाहेर. बरोबरी मात्र चालली असती. ब्रिटनने आयर्लंडला २-० हरवलं आणि जागा पक्की झाली.

पुढे ऑस्ट्रेलियाविरुद्ध २२व्या मिनिटाला गुरजीत कौरने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला. गोलरक्षक सविताने गोलपोस्ट अक्षरशः किल्ल्यासारखा लढवला, आणि भारत प्रथमच ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचला.