नाण्यावरच्या १७८० ला भुलू नका

भाऊ, मातीत सापडलेलं १७८० सालचं नाणं किती जुनं, असं तुम्ही विचारलंत; पण आधी ते चिंचेनं घासायचं थांबवा. साध्या पाण्यात भिजवून माती सुटू द्या, बस्स.

भरदार चेहऱ्याची राणी, मागे दुतोंडी गरुड आणि १७८० साल, म्हणजे हा ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसाचा थालर (चांदीचं मोठं नाणं). पण राणी त्याच वर्षी वारली आणि पुढे तेच साल ठेवून नाणी पाडत राहिले. १९४०-४१ मध्ये तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा! त्यामुळे वय सालावरून ठरत नाही.

वजन करा: चांदीचा अस्सल थालर साधारण २८ ग्रॅम भरतो, व्यास ४० मिलिमीटरच्या किंचित आत. कडेवर उठावाची लॅटिन अक्षरं असतात. कड गुळगुळीत असेल तर मला तरी शंका येईल.

सोनाराकडे मात्र नेऊ नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.