वाचकांचे प्रश्न : चाळिशीतले विद्यापीठ आणि परत न द्यावे लागणारे पैसे

ब्रिटनमध्ये उशिरा पदवी घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांची पत्रे गेल्या काही महिन्यांत सातत्याने आली. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे दिली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. अनुदानांच्या रकमा 2025-26 या शैक्षणिक वर्षाच्या आहेत. त्या दरवर्षी बदलतात, त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षीचे आकडे पाहावेत.

प्रश्न : मी 39 वर्षांची असून लेस्टरमध्ये राहते. नाशिकला बी.कॉम. झाल्यावर लग्न होऊन येथे आले. आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी) मिळून चार वर्षे झाली. मुले 6 आणि 11 वर्षांची आहेत, सासूबाईही आमच्याजवळ असतात. मला नर्सिंगची पदवी घ्यायची आहे. परंतु घराचे हप्ते चालू असताना आणखी कर्ज नको, असे यजमानांचे म्हणणे आहे. माझ्या वयाच्या विद्यार्थ्यांना परत न फेडावी लागणारी काही मदत मिळते का?

उत्तर : पदवीच्या पहिल्या वर्षी ज्यांचे वय 21 किंवा त्याहून अधिक असते, त्या सर्वांना इंग्लंडमधील विद्यापीठे ‘मॅच्युअर स्टुडंट’ म्हणतात; मात्र केवळ वय वाढले म्हणून सरकार कोणालाही एक पौंड देत नाही. कमी उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांना मिळणारे निर्वाह अनुदान 2016-17 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाले आणि त्याची जागा कर्जाने घेतली. आता उरली आहेत ती विशिष्ट जबाबदारीला जोडलेली अनुदाने : लहान मुले, आपल्यावर अवलंबून असलेली प्रौढ व्यक्ती, दीर्घकालीन आजार किंवा अपंगत्व, आणि काही ठरावीक व्यवसायांचे शिक्षण. तुमच्या पत्रात यांपैकी तीन गोष्टी आहेत, म्हणून तुमची बाजू तुम्हाला वाटते तेवढी कमकुवत नाही.

सर्वांत महत्त्वाची मदत नर्सिंगशी निगडित आहे. एनएचएस म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची पूर्वीची बर्सरी (शिष्यवेतन) 2017 साली नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली आणि ‘एनएचएस लर्निंग सपोर्ट फंड’ आला; सप्टेंबर 2020 पासून त्यात वार्षिक अनुदानाची भर पडली. त्यातून इंग्लंडमधील विद्यापीठात नर्सिंग, मिडवाइफरी किंवा फिजिओथेरपीसारखे बहुतेक आरोग्यविषयक पदवी अभ्यासक्रम करणाऱ्यांना दरवर्षी 5,000 पौंड मिळतात आणि 15 वर्षांखालील मूल असल्यास आणखी 2,000 पौंड. मानसिक आरोग्य किंवा लर्निंग डिसॅबिलिटी नर्सिंग निवडल्यास त्यावर 1,000 पौंड अधिक मिळतात. प्रात्यक्षिकासाठी दूरच्या रुग्णालयात जावे लागले, तर नेहमीच्या प्रवासापेक्षा वाढलेल्या खर्चाची भरपाई मागता येते. या मूळ रकमांसाठी घरचे उत्पन्न पाहिले जात नाही, आणि आपल्या लोकांच्या दृष्टीने हीच बाब सर्वांत मोलाची आहे. कारण येथील अनेक मराठी कुटुंबांत एक जण चांगल्या पगाराच्या नोकरीत असतो आणि उत्पन्नावर आधारलेली बहुतेक अनुदाने तेथेच संपतात.

या निधीसाठी एक अट आहे : स्टुडंट फायनान्सकडून (विद्यार्थ्यांना कर्जे व अनुदाने देणारी सरकारी यंत्रणा) शिक्षण शुल्क आणि निर्वाह यांसाठी पूर्ण कर्ज मिळण्यास तुम्ही पात्र असले पाहिजे. ते कर्ज प्रत्यक्ष घेतलेच पाहिजे असे नाही. येथे तुमच्या बी.कॉम.चा प्रश्न येतो. सामान्यतः एक पदवी हाती असणाऱ्यास दुसऱ्या पदवीसाठी कर्ज मिळत नाही आणि पहिली पदवी भारतातली असली तरी ती मोजली जाते. पुष्कळ मराठी भगिनी ‘इथे कोण विचारणार’ असे समजून अर्जात पदवीचा उल्लेख टाळतात. हे चुकीचे तर आहेच, शिवाय नर्सिंगच्या बाबतीत अनावश्यकही आहे, कारण नर्सिंग आणि बहुतेक आरोग्यविषयक अभ्यासक्रमांना या नियमातून सूट दिलेली आहे. हीच पदवी तुम्ही इतिहासात किंवा व्यवस्थापनात घेणार असता, तर उत्तर फार वेगळे द्यावे लागले असते.

आता मुलांकडे वळू. पूर्ण वेळ शिकणाऱ्या पालकाला ‘पेरेंट्स लर्निंग अलाउन्स’ म्हणून वर्षाला कमाल 2,024 पौंड मिळू शकतात. ‘चाइल्डकेअर ग्रँट’मधून नोंदणीकृत पाळणाघर, चाइल्डमाइंडर (स्वतःच्या घरी मुले सांभाळणारी व्यक्ती) किंवा शाळा सुटल्यानंतरचा क्लब यांच्या खर्चाचा 85 टक्के भाग मिळतो, एका मुलासाठी आठवड्याला 199.62 पौंड आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी 342.24 पौंड ही त्याची मर्यादा आहे. मूल 15 वर्षांखालील, विशेष गरजा असल्यास 17 वर्षांखालील असावे लागते, म्हणजे तुमची दोन्ही मुले त्यात बसतात. सांभाळणारी संस्था किंवा व्यक्ती ऑफस्टेडकडे (शाळा व पाळणाघरे तपासणारी सरकारी संस्था) नोंदलेली हवी, तेव्हा सासूबाई नातवंडांना पाहतात म्हणून हे पैसे मागता येणार नाहीत. तसेच तुम्ही किंवा यजमान ‘टॅक्स-फ्री चाइल्डकेअर’ ही मुलांच्या सांभाळखर्चाची सरकारी सवलत घेत असाल, तर हे अनुदान मिळत नाही. दोन्हींचा हिशेब कागदावर मांडून मगच एकाची निवड करावी.

ही दोन्ही अनुदाने कौटुंबिक उत्पन्नावर ठरतात. तुम्ही विवाहित असल्यामुळे आईवडिलांचे उत्पन्न पाहिले जाणार नाही, यजमानांचे पाहिले जाईल, आणि तेही चालू वर्षाचे नसून सुमारे दीड वर्षापूर्वी संपलेल्या करवर्षाचे. मधल्या काळात नोकरी गेल्यामुळे किंवा काम कमी झाल्यामुळे उत्पन्न किमान 15 टक्क्यांनी घटले असेल, तर चालू वर्षाचे उत्पन्न धरण्याची विनंती करता येते. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते.

सासूबाईंसाठी ‘ॲडल्ट डिपेंडंट्स ग्रँट’चा विचार होऊ शकतो. तिची कमाल रक्कम वर्षाला 3,545 पौंड आहे. मात्र अवलंबून असलेली व्यक्ती पती किंवा पत्नी नसेल, तर तिचे स्वतःचे उत्पन्न वर्षाला 3,796 पौंडांपेक्षा अधिक असून चालत नाही, आणि ती आर्थिकदृष्ट्या तुमच्यावर अवलंबून असल्याचे दाखवावे लागते. यजमानांचा पगार बरा असेल, तर येथून फारसे काही हाती लागेल असे मला वाटत नाही.

यजमानांच्या शंकेबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. वर्षाचे 9,535 पौंड शिक्षण शुल्क यांपैकी कोणत्याही अनुदानातून भागत नाही. ते कर्जातून किंवा खिशातून भरावे लागते. परंतु हे कर्ज घराच्या कर्जासारखे नाही. ऑगस्ट 2023 नंतर पदवी अभ्यासक्रम सुरू करणाऱ्यांना वार्षिक 25,000 पौंडांवरील उत्पन्नाच्या 9 टक्के एवढाच हप्ता द्यावा लागतो, उत्पन्न त्याखाली असेल तर काहीच नाही, आणि 40 वर्षांनी उरलेली रक्कम माफ होते. शुल्कापुरते कर्ज आणि बाकी सर्व अनुदान, असा तीन वर्षांचा ताळेबंद मांडून यजमानांसमोर ठेवावा.

स्टुडंट फायनान्सचा अर्ज आणि लर्निंग सपोर्ट फंडाचा अर्ज हे दोन वेगळे आहेत आणि दुसरा दरवर्षी नव्याने करावा लागतो. याशिवाय विद्यापीठाच्या स्वतःच्या बर्सऱ्या आणि अडचणीच्या वेळेसाठीचा हार्डशिप फंड असतो. त्यांची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी, कारण वर्षाच्या अखेरीस हे निधी संपलेले असतात.

प्रश्न : मी स्लाऊ येथे स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. माझी पत्नी 34 वर्षांची असून माझ्या व्हिसावर अवलंबित म्हणून येथे आहे. आम्हाला येऊन तीन वर्षे झाली. तिने यंदाच नर्सिंगला प्रवेश घेतला, तर वरील मदत मिळेल का?

उत्तर : नाही. अभ्यासक्रमाच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी तिच्याकडे आयएलआरसारखा कायम वास्तव्याचा दर्जा असावा लागतो आणि त्याआधीची तीन वर्षे तिचे सर्वसाधारण वास्तव्य ब्रिटनमध्ये असावे लागते. तुमची तीन वर्षे भरली आहेत, दर्जा नाही. आज प्रवेश घेतल्यास बहुधा परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क लागेल, स्टुडंट फायनान्स मिळणार नाही, आणि म्हणून लर्निंग सपोर्ट फंडही मिळणार नाही. राहतात ती काही विद्यापीठांची स्वतःची अनुदाने आणि धर्मादाय न्यास. त्यांच्या भरवशावर तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू करणे मी सुचवणार नाही. स्किल्ड वर्करसाठी आयएलआरची पाच वर्षांची मुदत दहापर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव सरकारने मे 2025 मधील श्वेतपत्रिकेत मांडला, तेव्हा तुमच्या बाबतीत कोणता नियम लागू होतो हे नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराकडून आधी समजून घ्यावे. तोवर पत्नीला हेल्थकेअर असिस्टंटचे काम मिळाले, तर ते पुढे प्रवेशाच्या वेळीही उपयोगी पडेल.

प्रश्न : मी कार्डिफमध्ये राहणारी 44 वर्षांची एकटी पालक आहे. माझा जन्म येथलाच असून माझ्याकडे पदवी नाही. लंडनमधील मैत्रिणी सांगतात की ग्रँट बंद झाली आहे. वेल्समध्येही तसेच आहे का?

उत्तर : तुमच्या मैत्रिणी इंग्लंडपुरत्या बरोबर आहेत. वेल्सने 2018-19 पासून नेमकी उलटी वाट धरली. तेथे पूर्ण वेळ शिकणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला ‘वेल्श गव्हर्न्मेंट लर्निंग ग्रँट’चे किमान 1,000 पौंड मिळतात, आणि कौटुंबिक उत्पन्न 18,370 पौंड किंवा त्याहून कमी असल्यास, आईवडिलांच्या घरी न राहणाऱ्या व लंडनबाहेर शिकणाऱ्यास 8,100 पौंडांपर्यंत. उत्पन्न वाढेल तसे अनुदान घटते आणि कर्जाचा वाटा वाढतो. मुलांच्या संगोपनासाठीची अनुदाने तेथेही आहेत, मात्र त्यांच्या रकमा इंग्लंडपेक्षा वेगळ्या आहेत. तुम्ही युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारा सरकारी भत्ता) घेत असाल, तर लर्निंग ग्रँटचा काही भाग विशेष साहाय्य म्हणून दिला जातो आणि तो उत्पन्नात धरला जात नाही. अर्जात हे आवर्जून नमूद करावे.

विद्यापीठ कोठे आहे याला येथे महत्त्व नाही, तुमचे नेहमीचे घर कोठे आहे याला आहे. तुम्ही उद्या ब्रिस्टलला शिकायला गेलात तरी अर्ज स्टुडंट फायनान्स वेल्सकडेच करावा लागेल. याच कारणाने, केवळ शिक्षणासाठी इंग्लंडमधून कार्डिफला आलेल्या व्यक्तीला हे अनुदान मिळत नाही. इंग्लंडमध्येही कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठी निवडक अभ्यासक्रमांपुरते निर्वाह अनुदान पुन्हा सुरू करण्याची घोषणा सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये केली, परंतु तिच्या भरवशावर आज कोणी बेत आखू नये.

प्रश्न : माझे वय 61, वास्तव्य हॅरो येथे. मी ब्रिटिश नागरिक असून आयुष्यभर दुकान चालवल्यामुळे शिक्षण अर्धवट राहिले. आता घरबसल्या पदवी करावी म्हणतो. संधिवातामुळे फार वेळ लिहिता येत नाही. या वयात कोणी मदत करते का?

उत्तर : शिक्षण शुल्काच्या कर्जाला वयाची मर्यादा नाही, पण तुम्ही विचारता ते परत न द्यावे लागणाऱ्या मदतीबद्दल. तुमच्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्यच येथे कामाचे आहे. ‘डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्स’ हे अनुदान वय किंवा उत्पन्न पाहत नाही, अर्धवेळ शिकणाऱ्यांनाही मिळते आणि त्याची कमाल मर्यादा वर्षाला 27,783 पौंड आहे. रोख रक्कम हातात येत नाही. तुमच्या गरजांची तपासणी होऊन बोलून लिहिता येणारे सॉफ्टवेअर, योग्य खुर्ची किंवा मदतनीस यांचा खर्च भागवला जातो. संगणक घ्यावा लागल्यास पहिले 200 पौंड तुम्हाला भरावे लागतात. संधिवात, नैराश्य, डिस्लेक्सिया यांना आपल्याकडे आजार किंवा अपंगत्व म्हणण्याचा संकोच असतो आणि त्यामुळे हक्काची मदत मागितलीच जात नाही. तुम्ही तसे करू नका. डॉक्टरांचे पत्र घेऊन अर्ज करा.

अनेक वर्षांनी पुस्तक हाती घेत आहात, तेव्हा दूरशिक्षण देणाऱ्या ओपन युनिव्हर्सिटीच्या ‘ॲक्सेस’ या पदवीपूर्व तयारीच्या मॉड्यूलपासून आरंभ करणे योग्य ठरेल. तुमचे वैयक्तिक वार्षिक उत्पन्न 25,000 पौंड किंवा त्याहून कमी असल्यास ते विनामूल्य करता येते, आणि ते पूर्ण झाल्यावर पदवीचा विषय ठरवला तरी चालतो.