न जुळणारे सात कागद

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी वाचलं आणि रात्री झोप लागली नाही. ‘सर, तेवढे सात पेशंट वगळले तर प्रबंध सरळ होतो’ हे किती सहज लिहिलंस! नाही वगळायचे. न जुळणारी नोंद फेकायची नाही.

तू बेळगावकडच्या खानापूर, निपाणी भागातली माणसं तपासतेस. सुपारी-गुटख्यानं तोंड आखडलेली, जेमतेम दोन बोटं आत जातील एवढीच उघडणारी. गालावर इलेक्ट्रोड चिकटवून त्यांना भाकरी चावायला दिलीस, आणि सात जणांचा चावण्याचा वेग धडधाकट माणसांइतकाच निघाला. जबडा अर्धाच उघडतोय, ठोका मात्र तोच. यात बिघडलं काय? अगं, हाच तर तुझा विषय आहे!

आम्ही शिकलो ते शेरिंग्टन या ब्रिटिश शरीरक्रिया-शास्त्रज्ञानं १९१७ मध्ये मांडलेलं. घास दातांत आला की जबडा उघडतो, उघडताना ताणलेले स्नायू त्याला परत मिटवतात, आणि हे असंच चालू राहतं. मग १९७१ मध्ये डेलो आणि लुंड या संशोधकांनी सशांचे स्नायू औषधानं लुळे केले. जबडा हलेना, दातावर दात पडेना. तरी मेंदूला चेतना दिली की जबड्याकडे जाणाऱ्या नसांतून उघड-मीट, उघड-मीट असा ठोका येतच राहिला. ताल मेंदूच्या बुंध्यातच आहे. दात आणि स्नायू खालून खबर देतात ती घास मऊ की कडक याची, आणि त्यावर जोर ठरतो. पटत नसेल तर कानाखाली, जबड्याच्या कोनावर दोन बोटं ठेव. आधी मऊ कुंदा खा, मग कालची वाळकी भाकरी. आतला गोळा किती वेगळा टणकतो ते बोटांनाच कळेल.

आता माझं ऐक. १९७८ साली बिडी वळणारी एक बाई दाढ काढायला आली होती. इंजेक्शन दिलं, ओठ-हिरडी बधिर झाली. तिला विचारून गालांवर तारा लावल्या आणि मेणाचा तुकडा चावायला दिला. शाईचा पेन कागदाच्या गुंडाळीवर रेघ ओढत होता, आणि बधिर बाजूही दुसऱ्या बाजूच्या बरोबरीनं ठेक्यात चालली होती. ती म्हणाली, “डागदर, दात माझा न्हवंच असं वाटतंय, पर तोंड आपलं आपण चालतंय.” माझ्या मार्गदर्शकांनी कागद बघितला आणि यंत्राची गडबड म्हणून बाजूला सारला. मी तो कात्रीनं कापून टोपलीत टाकला. डेलो-लुंडचा लेख तेव्हा सात वर्षांचा झाला होता. माझ्या हाती तो पडला तेव्हा मला दवाखाना टाकून दहा वर्षं झाली होती. एका बैठकीत वाचला आणि त्या दिवशी पुढचे पेशंट परत पाठवले.

भांडायला हवं होतं, असं तुला वाटेल. पदवीच्या कागदावर सही त्यांची होती, घरात दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. तेव्हा भांडून मी टिकलो नसतो, हे मी आजही म्हणतो. पण कागद ठेवता आला असता. घडी करून ट्रंकेत. त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती.

म्हणून तुला भांड म्हणत नाही. नोंद फेकू नकोस, एवढंच. गडबड वाटत असेल तर गडबड आहे हे दाखवून दे. विजेची घरघर सेकंदाला ५० वेळा उमटते, चावणं सेकंदाला एक-दोनदा. दोन्ही ओळखू येत नसतील तर तीन वर्षं काय केलंस? सातही जणांना पुन्हा बोलाव, इलेक्ट्रोड नव्यानं लाव, दोन्ही बाजू घे. तरीही तसंच आलं तर वेगळा तक्ता कर आणि प्रबंधात घाल. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या लोकांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसमधल्या, म्हणजे मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागातल्या, काही पेशी गप्प केल्या, तर समोर खाणं नसतानाही उंदीर जबडा हलवत बसले. त्यांनी ते टोपलीत टाकलं नाही. त्याच धाग्यानं भुकेपासून जबड्यापर्यंतची वाट सापडली, आणि तीही तीनच टप्प्यांची.

आणखी एक. तुझा फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत, पेशंट बोलतो मराठी. ‘जबडा आवळून धरल्यागत होतंय’ असं कुणी म्हणालं की तू ‘वेदना’ म्हणून खूण करतेस. ती वेदना नाही. त्याचे शब्द आहेत तसे समासात लिही. तीही नोंदच.

बेंगळुरूला जाऊ का, मराठी शाळेतून आलेलीला तिथं निभेल का, हे मला विचारू नकोस. जाशील, निभेल.

रविवारी टिळकवाडीला ये. पहिल्या गेटजवळ उतर, मी न्यायला येतो. काकू तुझ्यासाठी मांडे आणून ठेवणार आहे. सातही कागद घेऊन ये. फाडले असशील तर तुकडे आण, आपण चिकटवू.

तुझा,
सर