पेंग्विन बघायला जाताय? दुर्बीण घ्या!

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी केपटाऊनला असतो. डिसेंबरात आम्ही दोघं सात वर्षांच्या नातीला घेऊन त्याच्याकडे जातोय. तिथे किनाऱ्यावर मोकळे पेंग्विन असतात म्हणे. नातीला त्यांना हात लावायचाय, शेजारी बसून फोटोही काढायचाय. जमेल का? थंडीचे जाड कपडे लागतील का?
– एक आजोबा, जुळे सोलापूर

उत्तर : आजोबा, कपड्यांचं आधी सांगते. डिसेंबरात तिकडे उन्हाळा असतो. टोपी घ्या, आणि वाऱ्यासाठी एखादं जाकीट. हे आफ्रिकन पेंग्विन बर्फातले नव्हेत. त्यांच्या डोळ्यांच्या वरच्या बाजूला गुलाबी, बिनपिसांची कातडी असते. ऊन वाढलं की तिथे रक्त जास्त खेळतं आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. आपल्या उन्हाळ्यात वाढलेल्या नातीला हे सांगाच, तिला लगेच पटेल.

जागा म्हणजे केपटाऊनजवळच्या सायमन्स टाऊनचा बोल्डर्स बीच. 1982 मध्ये तिथे फक्त दोन जोड्यांनी घरटी केली होती, त्यातून ही वसाहत वाढली. तिकीट काढून आत गेलं की लाकडी फळ्यांची वाट लागते आणि दोन्ही अंगांना, झुडपांखाली, वाळूत पक्षीच पक्षी. ओरडणं अगदी गाढवासारखं!

पण हात लावू देऊ नका. मीही डिसेंबरातच गेले होते. वाटेच्या कडेला एक पेंग्विन उभा होता, पिसं फाटक्या गोधडीसारखी लोंबत होती. आजारी असेल म्हणून मी कठड्यावरून वाकले, मोबाइल पुढे केला. त्याने मान या बाजूकडून त्या बाजूकडे हलवायला सुरुवात केली. तिथला रखवालदार म्हणाला, मागे व्हा, तो तुम्हाला बजावतोय. पक्षी आजारी नव्हता, पिसं बदलत होता. या काळात जवळजवळ तीन आठवडे त्याच्या पिसांत पाणी शिरतं, म्हणून समुद्रात जाता येत नाही. समुद्र नाही म्हणजे मासे नाहीत. साठवलेल्या चरबीवर दिवस काढायचे. अशा वेळी आपल्याला घाबरून पळण्यात त्याची जी शक्ती जाते, ती भरून काढायला त्याच्याकडे काहीच नसतं. मला फार वाईट वाटलं. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर माळढोक पक्षी बघायला लांबून दुर्बीण लावून बसायचं, गाडीतून उतरायचं नाही, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं आणि तिथे जाऊन स्वतःच विसरले.

माळढोक कसा दिसेनासा होत गेला ते आपण सोलापूरकरांनी बघितलंय. 2024 मध्ये आफ्रिकन पेंग्विनही अतिसंकटग्रस्त ठरवला गेला. घरटी करणाऱ्या जोड्या दहा हजारांहून कमी उरल्यात. सार्डिन आणि अँचोव्ही हे त्यांचं मुख्य खाणं, आणि तेच मासे माणसांच्या जाळ्यांतही जातात.

फोटो वाटेवरूनच काढा. नातीच्या मागे पेंग्विन छान दिसतात, शेजारी बसायची गरज नाही. चोचही फार धारदार असते, बोट फाडते. सकाळी लवकर जा, गर्दी कमी असते. मुलाची एखादी दुर्बीण असेल तर ती नातीच्या गळ्यात अडकवा.

आणि निघताना गाडी सुरू करण्याआधी चाकांखाली वाकून बघा. सावली शोधत पेंग्विन तिथे येऊन बसतात. हे काम नातीकडे द्या.