वर्गात जातीचा विषय काढू की नको?

(संबंधित व्यक्तीच्या परवानगीने लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

“ताई, मी वर्गात जातीचा विषय काढला आणि पोरांना वाटलं, मी त्यांची जात काढली.”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्या हे बोलल्या. वय एकोणतीस. नागपुरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर बी.ए.ला मानसशास्त्र शिकवतात. बुधवारी सामाजिक मानसशास्त्राचा तास असतो. महिनाभर मंगळवारी रात्री झोप नाही, सकाळी पोटात कळ. “आता पुस्तकात छापलंय तेवढंच शिकवते,” म्हणाल्या.

समुपदेशक म्हणून ही भीती मी बऱ्याच शिक्षकांकडून ऐकते. जात, धर्म, लिंगभाव, अपंगत्व वर्गात आणलं तर कोणीतरी दुखावतं. टाळलं तर समोर बसलेल्या मुलांचं आयुष्य बाजूला ठेवून मन शिकवल्यासारखं होतं. आणि नागपुरात टाळून टाळणार किती? १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती गोष्ट इथल्या कितीतरी मुलांनी पुस्तकात वाचायच्या आधी आजीच्या तोंडून ऐकलेली असते.

काय झालं ते सावकाश सांगा म्हटलं. तर असं झालं होतं. सगळ्यांना कागद वाटले. लिंग, धर्म, जात, घरची भाषा, गाव असं लिहायचं आणि एकेकाने उभं राहून वाचायचं. चौथ्या बाकावरच्या मुलीने भाषा वाचली, गाव वाचलं, मधली एक ओळ गाळली आणि खाली बसली. मागून एक मुलगा ओरडला, “मॅडम, स्कॉलरशिपवालं राहिलं ना!” वर्ग हसला. त्यानंतर ती मुलगी तासाला आलेली नाही.

“किती जण हसले?”

“सगळेच.”

“चेहरे आठवून मोजा.”

त्यांनी डोळे मिटले. बोटं एका हातावरच संपली. “पाच. बाकीचे खाली बघत होते.”

“आणि तुमच्या कागदावर काय होतं?”

“माझ्या? मी शिकवत होते ना.” मग थोड्या वेळाने, “आमच्या घरी जात कधी पाळलीच नाही, त्यामुळे तसं काही...” वाक्य तिथेच राहिलं. मी ते पुरं केलं नाही. अशा जागी बोलायचा मोह फार होतो. जातीचं नाव न घेता सगळं आयुष्य काढता येणं हीही एक सोय असते, हे त्यांचं त्यांना दिसायला पाच मिनिटं लागली. मला स्वतःला याहून कितीतरी जास्त लागली होती. माझ्या प्रशिक्षणात जात हा शब्द क्वचितच कोणी उच्चारला असेल.

गंमत म्हणजे आधीच्याच आठवड्यात त्यांनी कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा प्रयोग शिकवला होता. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतली सहावी-सातवीची ६४२ मुलं, निम्मी वरच्या जातींतली, निम्मी खालच्या मानलेल्या. भुलभुलैयाची कोडी सोडवायची. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्हीकडची मुलं सारखीच. बापाचं, आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर पुकारली, तेव्हा खालच्या जातींतल्या मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. “म्हणजे मी तो प्रयोग वर्गात करूनच दाखवला,” त्या म्हणाल्या, आणि रडल्या.

रडू थांबल्यावर कामाचं बोललो. विषय सोडायचा नाही, पण कोणाला नमुना म्हणून उभं करायचं नाही. आधी पुस्तकालाच उभं करा, मी म्हटलं. मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये मोजून दाखवलं की अमेरिकेतल्या नावाजलेल्या मानसशास्त्रीय नियतकालिकांत अभ्यासलेली ९६ टक्के माणसं पाश्चात्त्य, औद्योगिक देशांतली होती, आणि त्या देशांत जगाची फक्त १२ टक्के लोकसंख्या राहते. हा आकडा फळ्यावर लिहा आणि पोरांना विचारा, उरलेले कोण?

पुढच्या बुधवारी त्यांनी तेच केलं. मग मेरी एन्सवर्थ यांचा आई-बाळाच्या नात्यावरचा प्रयोग घेतला: आई बाळाला खोलीत सोडून थोडा वेळ बाहेर जाते, अनोळखी बाई आत येते, बाळ काय करतं? भंडाऱ्याकडचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आमच्या घरी बाळ आईजवळ कमी न् आजी, काकू, शेजारच्या मावशीजवळच जास्त राह्यते. त्याले अनोळखी कोण वाटन?” तासाची घंटा झाली तरी वाद चालूच. जातीवरचं लिखाण मात्र नाव न घालता, घडी केलेल्या चिठ्ठीत; ज्याला द्यायची नाही त्याने कोरी द्यावी. शेरा मारणाऱ्या मुलाशी त्या एकांतात बोलल्या. त्याबद्दल अजून त्यांचं समाधान नाही, माझंही नाही.

चौथ्या बाकावरच्या मुलीचं काय? वर्गासमोर माफी मागायची त्यांना घाई होती. मी नको म्हटलं. तिच्यावर परत सगळ्यांचे डोळे वळले असते. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गाठून त्या दोनच वाक्यं बोलल्या: “मी सगळ्यांना उभं करून जात वाचायला लावली, ते चुकलं. तुला काही समजावून सांगायची गरज नाही.”

मुलगी बॅगचा पट्टा ओढत उभी होती. “मॅडम, जात सांगायची मले लाज नाही वाटत. आमच्या घरी बाबासाहेबाचा फोटो दारातूनच दिसते. पण थ्या दिवशी तुम्ही विचारलं म्हणून सांगाव लागत होतं न, थे नाही आवडलं.”

आता ती तासाला येते. चिठ्ठ्यांमधली तिची कोणती, हे मॅडमना ठाऊक नाही. तीन कोऱ्या होत्या.