वाचक विचारतात : सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांनी नेमकं कोणतं प्रशिक्षण घ्यावं?

प्रश्न : ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावरचे तीन अभ्यासक्रम पूर्ण केले, पण प्रमाणपत्र एकाचंच आलं. बाकीची कुठे अडकली?
– एक शिक्षिका, लातूर जिल्हा

आधी प्रगतीचा आकडा बघा. व्हिडिओ पुढे ढकलत शेवटाला नेला असेल, तर तो घटक पूर्ण धरला जाईलच असं नाही. १००च्या जागी ९६ टक्के दिसत असतील, तर असा एखादा घटक राहिलेला असतो. मोबाइलवर उतरवून घेऊन नेटशिवाय अभ्यास केला असेल, तर प्रगती फोनमध्येच राहते. नेट सुरू करून अभ्यासक्रमाच्या पानावर तीन ठिपक्यांच्या यादीत जा आणि ती सिंक करा. ‘निष्ठा’ या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाच्या अभ्यासक्रमांना शेवटच्या चाचणीत ७० टक्के गुण लागतात आणि संधी तीनच मिळतात. त्यामुळे पहिली संधी ‘नुसतं बघू या’ म्हणून घालवू नका.

एवढं करूनही काही दिसत नसेल, तर तुमची दोन खाती असण्याची शक्यता मोठी. एकदा गूगलने आणि एकदा मोबाइल क्रमांकाने आत गेलात की अर्धी प्रगती इकडे, अर्धी तिकडे होते. प्रोफाइलच्या यादीत खाती एकत्र करायची सोय आहे, ती वापरा. प्रमाणपत्रावर खात्यातलंच नाव छापलं जातं, म्हणून नाव सेवापुस्तकाशी जुळतंय का ते पहिल्याच दिवशी बघा. आणि बॅचची अंतिम तारीख उलटली असेल, तर वाट बघू नका. तो अभ्यासक्रम पुढच्या बॅचमध्ये पुन्हा करावा लागेल.

प्रश्न : आठवी ते दहावीला इतिहास शिकवतो. गावात जुने मोडी कागद आहेत. दहा दिवसांच्या वर्गात मोडी येते का?
– एक शिक्षक, सातारा जिल्हा

दहा दिवसांत अक्षरं ओळखू येतात, कागद वाचता येत नाही. हे आधी मान्य केलंत तर वर्ग वाया जाणार नाही. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) मोडीचे वर्ग घेतं, राज्याचं पुराभिलेख संचालनालयही घेतं. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून, म्हणजे २०२३पासून, मोडी वाचणाऱ्यांना मागणी वाढली आहे. साहजिकच गल्लोगल्ली वर्गही निघाले. सरावाला फक्त छापील तक्ता देणाऱ्या वर्गाला जाऊ नका. मूळ कागदांच्या छायाप्रती मिळतात का, ते विचारून मगच पैसे भरा.

वर्गानंतर तीन महिने रोज वीस मिनिटं, निदान पाच ओळी लिप्यंतर करा. सुरुवात शिवकालीन कागदाने नको. इंग्रजी अमलातले महसुली कागद घ्या. त्यांतला मजकूर ठरावीक साच्याचा असतो, त्यामुळे पुढचा शब्द ओळखता येतो. जुन्या शाळांचे दाखल-खारीज रजिस्टर मोडीत असेल, तर सरावाला त्याहून चांगलं काही नाही. अडचण येते ती अशी : मोडीत आधी आडवी रेघ मारून तिच्याखाली अक्षरं लिहितात, लेखणी उचलायची नसते. त्यामुळे शब्द सुटे होत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नाही. म्हणून वाचताना आधी क्रियापद शोधा, मग मागे या.

अक्षरं लागली तरी कालगणनेत शिक्षक हमखास चुकतात. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन (त्या काळची एक कालगणना) अरबी संख्याशब्दांत असतो. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे ७ + ७० + १०० + १०००, अर्थात ११७७. यात सरसकट ६०० मिळवले की इसवी सन १७७७ येतो आणि निम्म्या वेळा तो चुकीचा असतो. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. कागद जून ते डिसेंबरमधला असेल तर ५९९ मिळवायचे (१७७६), जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६०० (१७७७). महिना हिजरी असतो आणि तारखेआधीचा ‘छ’ चंद्राची तारीख दाखवतो. हे गणित नववीची मुलं आवडीने करतात. वर्गात न्यायला लिपीपेक्षा हेच सोपं.

प्रश्न : ऑनलाइन अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रं वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी चालतील का?

नाही. १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ आणि २४ वर्षांनंतरची निवड श्रेणी यांसाठी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं प्रशिक्षणच लागतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हींच्या फायली वेगळ्या ठेवा.

प्रश्न : पदवी इतिहासाची, पण भूगोलाचे ४० गुणही माझ्याच गळ्यात. कुठून सुरुवात करू?
– एक शिक्षिका, नाशिक

तुमच्यासारखे शिक्षक राज्यभर आहेत. तरी प्रशिक्षण निवडताना बहुतेक जण पुन्हा इतिहासाचंच निवडतात, कारण तिथे भीती वाटत नाही. तुम्ही भूगोलच घ्या, आणि त्यातही नकाशा.

देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन (उपग्रहाच्या प्रतिमांवरून पृथ्वीचा अभ्यास) संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत चालवते. प्रमाणपत्राला ७० टक्के हजेरी लागते. व्याख्यानं इंग्रजीत आणि शाळेच्या वेळेवर येऊ शकतात, म्हणून नाव नोंदवण्याआधी वेळापत्रक मुख्याध्यापकांना दाखवा. पहिल्यांदाच जात असाल तर सुदूर संवेदनाची ओळख करून देणारा छोटा अभ्यासक्रम घ्या. लांबलचक अभ्यासक्रम मध्येच सुटतात.

त्याआधी घरचा अभ्यास करा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून आपल्या तालुक्याचं १:५०,००० प्रमाणाचं स्थलनिर्देशक पत्रक (सविस्तर नकाशा) उतरवा. पत्रकांना आता नवे क्रमांक आहेत. पुण्याचं जुनं ४७ एफ/१४ आता ई४३एच१४ झालं, त्यामुळे जुन्या क्रमांकाने शोधलंत तर सापडणार नाही. छापताना प्रिंटरची ‘पानावर बसवा’ ही सोय बंद ठेवा. नाहीतर नकाशा आकसतो, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर हे गणित मोडतं आणि मुलांची उत्तरं का चुकतात ते कळत नाही. ए-फोरवरच छापायचं असेल तर मुलांना शब्दप्रमाणाऐवजी (‘दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर’) रेषाप्रमाण, म्हणजे नकाशावर छापलेली मोजपट्टी, वापरायला सांगा. ते नकाशाबरोबरच लहान होतं.

मग २० मीटर अंतराच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) घेऊन शाळेजवळच्या टेकडीचा छेद आलेखकागदावर काढा. तीन वेगवेगळ्या टेकड्यांचे छेद स्वतः काढल्याशिवाय वर्गात जाऊ नका.

प्रश्न : सीसीआरटीच्या प्रशिक्षणाला थेट अर्ज करता येतो का?

दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र (सीसीआरटी, स्थापना १९७९) शिक्षकांना सहसा शिक्षण विभागाच्या नामनिर्देशनावरूनच घेतं. परिपत्रक आणि अंतिम तारीख यांत फार थोडे दिवस असतात. म्हणून जूनमध्येच डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) आपलं नाव, विषय आणि मुख्याध्यापकांचं ना-हरकत पत्र देऊन ठेवा. कठपुतळीचं प्रशिक्षण आणि वारसा-जतनाचं प्रशिक्षण असे दोन पर्याय आले, तर इतिहासाच्या शिक्षकाने वारसा-जतनाचं घ्यावं. गावातलं देऊळ, बारव, वीरगळ यांची नोंद कशी करायची ते त्यात हाताने करायला मिळतं. येताना नोंदीच्या कोऱ्या तक्त्याची प्रत मात्र मागून आणा.