'तांत्रिक परंपरा' म्हणावं की 'तंत्रसंप्रदाय'?

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयाच्या कार्यकर्त्यांचा प्रश्न आहे: "व्याख्यानाच्या फलकावर आम्ही 'लुप्त होत चाललेल्या हिंदू व बौद्ध तांत्रिक परंपरांचे जतन' असं लिहिलं. एकाने विचारलं, तंत्रनिकेतनाचा कार्यक्रम आहे का? दुसरे म्हणाले, भानामतीवाल्यांना कशाला बोलावता? आमचा शब्द चुकला का?"

चुकला नाही. तंत्रासंबंधीचे ते तांत्रिक, व्याकरण बिनचूक आहे. पण 'तांत्रिक अडचणीमुळे गाडी उशिरा धावत आहे' हा तांत्रिक वेगळा आणि लिंबू-बाहुलीच्या बातमीतला वेगळा. या दोघांच्या गर्दीत तुमचा अर्थ दबला.

तंत्र हा शब्द 'तन्' म्हणजे ताणणे, पसरणे या धातूपासून आला. त्याचा जुना अर्थ माग, मागावरचा ताणा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तो विणण्याच्याच संदर्भात येतो, आणि मागावरून नुकत्याच उतरवलेल्या वस्त्राला पाणिनी 'तंत्रक' म्हणतो. कोष्टी विणकरांच्या नागपुरात हे फार समजावून सांगायला नको. ताणा संपत आला की विणकर जुन्या धाग्याच्या टोकाला नव्याचं टोक लावतो, चिमटीत धरून पीळ देतो, मग पुढचं टोक. अशी शेकडो टोकं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ तिथून हललो नव्हतो.

ताण्यावरून 'नीट लावलेली मांडणी' हा अर्थ आला, आणि त्यातून शास्त्र, ग्रंथ, साधनेची पद्धत. पंचतंत्र, स्वतंत्र, तंत्रज्ञान, इतकंच काय, 'त्याच्या तंत्राने घ्यावं लागतं' हेही त्याच घरचं.

माझं मत, 'तंत्रसंप्रदाय' लिहा. 'संप्रदाय' हा सम् + प्र + दा, म्हणजे पूर्णपणे हाती सोपवणं. लुप्त होण्याचा धोका नेमका तिथेच आहे. पोथ्यांची काळजी बरीच घेतली गेली: नेपाळ-जर्मन प्रकल्पाने १९७० पासून नेपाळातल्या हस्तलिखितांच्या मायक्रोफिल्म केल्या, पुदुच्चेरीतली शैव हस्तलिखितं २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेली. पण काठमांडू खोऱ्यातल्या नेवार वज्राचार्यांचं, म्हणजे तिथल्या बौद्ध तांत्रिक पुरोहितांचं, चर्यानृत्य घ्या; चर्यागीतांवर केलं जाणारं हे विधिनृत्य. ते परंपरेने दीक्षा घेतलेल्यांनाच शिकवलं जाई. पोथीत गीताचं पद सापडेल, पदासोबत मनगट कसं वळतं ते गुरूसमोर उभं राहूनच कळतं.

हे आपल्यापासून दूरचंही नाही. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी. त्याच मत्स्येंद्रांच्या नावावर 'कौलज्ञाननिर्णय' हा तंत्रग्रंथ आहे, आणि नेपाळातल्या पाटणला ज्या रातो मच्छिंद्रनाथाचा रथ ओढतात, त्याला नेवार बौद्ध लोकेश्वर, म्हणजे अवलोकितेश्वर बोधिसत्त्व, म्हणून पुजतात. फलकावर 'हिंदू व बौद्ध' हे शब्द शेजारी ठेवलेत ते म्हणूनच मला आवडलं. भानामतीची शंका घेणाऱ्यांना एवढं आवर्जून सांगा.

'जतन'च्या जागी 'संवर्धन' घालू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नका घालू. संवर्धन म्हणजे वाढवणं. जतन हा संस्कृत 'यत्न'. य चा ज होऊन आपल्या तोंडी रुळलेला. टोकाला टोक जोडणाऱ्या कामाला तोच शब्द हवा.